खिडकीवरची घंटा

शालू,

घंटेची तक्रार मी केली नव्हती.

हे आधी सांगून टाकते. नाहीतर नेहमीसारखं होईल, गप्पा रंगतील आणि मुद्द्याचं तेवढं राहून जाईल. तुला वाटलं, मी मोठ्या डॉक्टरांकडे जाऊन कान भरले आणि म्हणून तुझी पितळी घंटा खिडकीवरून उतरवली गेली. मला वाटलं, ही माझ्याबद्दल असा विचार करूच कशी शकते? मग मीही तोंड शिवून बसले. शनिवारी मी रक्तपेढीत यायचे, तू खिडकीशी, मी कॉम्प्युटरच्या मशीनशी, दोघींच्या पाठी एकमेकींकडे. चहा तू माझ्या टेबलावर ठेवायचीस, पण न बोलता. मग एका शनिवारी तू आलीच नाहीस. हिशेबाच्या खोलीतले गजाननभाऊ म्हणाले, ताप आहे. मी मनात म्हटलं, असू दे, ताप उतरला की बोलेल आपणहून. ताप उतरला नाही.

आणि दुसरं. मी आले होते. वरच्या मजल्यावर, तुझ्या वॉर्डाच्या दारापर्यंत आले होते. ते तुला कुणी सांगितलं की नाही, एवढंच मला कळत नाही. आता कुणाला विचारू? ज्यांना विचारायचं त्यांना विचारून झालं.

तुझ्या खिडकीवर आलेल्या माणसाला तू कधी नाव विचारलं नाहीस. "कोनाचे गा तुम्ही?" हा तुझा पहिला प्रश्न. बाई असली की "कोनाच्या वं?" माणूस घामाघूम होऊन आलेला असायचा, वर त्याचं कुणीतरी ऑपरेशनच्या टेबलावर, आणि तू विचारायचीस, कोणाचे. तोही सांगायला लागायचा. बेस्याच्या अमक्याचा जावई, काटोलच्या तमक्याचा पुतण्या. तुझं माहेर काटोलचं, म्हणजे काटोलचं नाव निघालं की संपलंच. मी चिडवायचे, ही रक्तपेढी आहे की सोयरीक जुळवायचं दुकान? पण तेवढ्या बोलण्यानंतर त्या माणसाला रक्तगट नीट सांगता यायचा, हे मी बघितलेलं आहे.

मलाही तू तेच विचारलं होतंस. मी साताऱ्याची, इथल्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायला आलेली, बायकांच्या होस्टेलात राहणारी. नागपुरात माझं काळं कुत्रं ओळखीचं नव्हतं. तू म्हणालीस, "कोनाच्या वं तुम्ही?" मी म्हटलं, कोणाचीच नाही. तू माझ्याकडे नीट पाहिलंस आणि चहात आणखी एक चमचा साखर घातलीस. त्या दिवसापासून तुझा चहा मला गोडमिट्ट प्यावा लागला. कधी सांगितलं नाही की मला बिनसाखरेचा आवडतो. आता सांगते.

मशीन आलं तेव्हा तू नाक मुरडलं होतंस. तोवर रक्तदात्यांची नावं कार्डांवर, आणि कार्डं लाकडी खणांत. सीताबर्डीच्या एका कापडवाल्यांनी आईच्या आठवणीसाठी मशीन दिलं आणि अट घातली की ते लोकांना दिसलं पाहिजे. म्हणून मशीनचा एक पडदा आत तुझ्यापाशी आणि एक बाहेर व्हरांड्यात, लोकांसमोर. प्रोग्रॅम लिहायला मला बोलावलं. मी तुला समजावून सांगत होते, की मशीन नाव विचारेल, मग पासवर्ड विचारेल, दोन्ही जुळलं तर पुढचं चालेल. तू म्हणालीस, म्हणजे आपल्याच घरात आपल्यालेच नाव सांगायचं? मी म्हटलं, हव. "हव" मी तुझ्याकडूनच उचललं होतं.

पण सुरुवातीला मी तसं काही घातलं नाही, हे तुला आठवत असेल. जो बसेल त्याला सगळं दिसायचं. रक्तगट टाका, दात्यांची नावं आणि पत्ते समोर. आपण दोघी किती खूश होतो! मग मनीषनगरची ती बाई आली. नवीन लग्न, नवीन प्लॉटवरचं नवीन घर, आणि रक्तगट असा की शोधून सापडत नाही. घरी न सांगता ती रक्त देऊन जायची. कुणा पेशंटच्या नातेवाइकांनी व्हरांड्यातल्या पडद्यावरून तिचा पत्ता उतरवून घेतला आणि थेट जेवणाच्या वेळी दारात जाऊन उभे राहिले. त्यांचंही काय चुकलं म्हणा. पण सासूनं तिचं जे केलं ते केलं. ती खिडकीशी येऊन रडली आणि म्हणाली, माझं नाव काढून टाका. तू तिचा हात धरून बसलीस. ती गेल्यावर मला म्हणालीस, "लाव बाई कुलूप. मजबूत लाव."

मी लावलं. प्रोग्रॅमच्या अगदी पहिल्या ओळींत विचारणा घातली. नाव सांगून, पासवर्ड देऊन कुणी आत आलंय का? आलं असेल तर पुढच्या ओळी चालतील. नसेल तर तिथूनच परत. मध्ये कुठे फट नाही, कुणाच्या ओळखीपाळखीला वाव नाही. तुला म्हटलं, असा शब्द निवड की कुणाला सुचणार नाही, आणि तो कुणाला म्हणजे कुणालाच सांगायचा नाही. तू शाळेतल्या पोट्टीसारखी तळहाताचा आडोसा धरून तो शब्द टाइप केलास आणि दिवसभर एकटीच हसत होतीस.

पुढचं तर तू इतक्यांदा सांगितलंस की मीच तिथे हजर होते असं वाटतं. पोळ्याचा दुसरा दिवस, मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक. तू महाल भागात भाच्याला खांद्यावर घेऊन गर्दीत उभी. इकडे एका बाळंतिणीला रक्त हवं, रक्ताच्या थंड फडताळात तिच्या गटाची बाटली नाही, आणि खिडकीवर गजाननभाऊ. ते त्या दिवसापुरते तुझ्या जागी बसवलेले. तुझं नाव त्यांना ठाऊक, शब्द ठाऊक नाही. कॉलेजला सुट्टी, मला शोधायला तिथे लावलेला फोन वाजून वाजून थकला. शेवटी ते स्कूटर काढून महालात आले. तू दिसलीस, पण मध्ये सगळी मिरवणूक. त्यांनी लांबून ओरडून विचारलं, मशीनचा शब्द सांगा. आणि तू ढोल-ताशांच्या वर आवाज चढवून ओरडलीस, "भांडकुदळ!"

तुझ्या पुढ्यात उभी असलेली म्हातारी गर्रकन वळली आणि तिनं तुझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तू सांगताना तिची नक्कल करायचीस तेव्हा मोठे डॉक्टरसुद्धा तोंडावर रुमाल धरायचे. असो. पत्ता निघाला, बेस्याहून दाता सायकल हाणत आला, बाळंतीण बाळ घेऊन घरी गेली. पण आपल्या समोरचा पानठेलेवालाही त्या मिरवणुकीत होता, तो दुसऱ्या दिवसापासून येणाऱ्या-जाणाऱ्याला मशीनचा शब्द सांगायला लागला, आणि शनिवारी मी आले तेव्हा तो मलाही सांगितला.

मी तुला काय काय बोलले! कुलूप लावून किल्ली चौकात टांगलीस, असलं काहीबाही. तू ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, शब्द मोठा की माणूस मोठा ते सांग. माझ्याकडे उत्तर होतं. ती मनीषनगरची बाईसुद्धा माणूसच आहे, हे माझं उत्तर, आणि आजही मी त्यावरून हलणार नाही. पत्ते उघडे ठेवायचे नाहीत म्हणजे नाहीत. तू गेलीस म्हणून मी ह्या बाबतीत तुझं मान्य करीन, असं समजू नकोस.

पण तू पत्त्यांबद्दल भांडतच नव्हतीस, हे माझ्या डोक्यात जरा उशिरा शिरलं. तू म्हणत होतीस, "कुलूप पाह्यजे, मी कुठं नाई म्हनते? पन कोठीले कुलूप लावतेत वं, दारातल्या माठाले नाई." बाळंतिणीच्या नवऱ्याला व्हरांड्यात उभं राहून एवढंही कळत नव्हतं की त्या गटाची बाटली आत आहे की नाही. ते कळलं असतं तर तो गजाननभाऊंची वाट न बघता दुसऱ्या दवाखान्यात पळाला असता. त्यात कुणाचं गुपित होतं? मी सगळाच प्रोग्रॅम विचारणेच्या आत कोंबला होता. होस्टेलवर जाऊन मी तो उलगडला. आज फडताळात कोणत्या गटाचं रक्त आहे, कोणतं नाही, खिडकी कधी उघडते, हे सगळं विचारणेच्या आधी आणलं. कुणीही यावं, बघावं. नावं आणि पत्ते मात्र विचारणेच्या नंतर. कॉलेजात पोरांना मी आता हे शिकवते. माठ आणि कोठी. काटोलच्या माझ्या मैत्रिणीनं सांगितलंय म्हणते, तुझं नाव घेऊन. तुला मात्र कधी सांगितलं नाही. तू चढून बसली असतीस ना डोक्यावर.

तेवढ्यावर तू थांबशील तर ती शालू कसली? चार दिवस गेले नाहीत तो तुझं नवीन सुरू. तू मागच्या खोलीत बाटल्या लावायला गेलीस की खिडकी बंद. बाहेर माणूस पडद्याकडे बघत उभा. पडदा सांगतो, आहे किंवा नाही. पण पुढे काय? तू म्हणालीस, "भायेरच्याले आतल्याले हाक मारता आली पाह्यजे." त्यानं काहीतरी दाबावं आणि आत तुझ्या पडद्यावर टुणकन वाजावं, बस. मी विचारलं, नाव सांगितलं नाही तरी? तू म्हणालीस, "नाव नाई सांगतलं तरीच."

हे मला पटेना. मी माझ्या पोरांना शिकवते काय आणि इथे करू काय? ज्यानं नाव सांगितलं नाही त्याला बघू द्यावं एकवेळ, पण त्याच्या बोटानं आतलं काही चालता कामा नये. आज हाक, उद्या आणखी काही. शिवाय व्हरांड्यात लहान मुलं. दिवसभर बडवत बसतील. मी म्हटलं, दिवाळीनंतर बघू. तू म्हणालीस, "तुही दिवाळी कवा येते, पाहून राहिली मी." दिवाळी आली, गेली. तू विचारलंस, मी कॉलेजच्या परीक्षांचं निमित्त काढलं. मग तू काटोलच्या जत्रेतून ती पितळी घंटा आणलीस आणि दोरी लावून खिडकीवर टांगलीस. मशीन नाही ऐकत ना, घंटा ऐकेल.

मुलांनी ती खरंच दिवसभर वाजवली. त्या वेळी मी तुझ्याकडे बघून भुवया उडवल्या, तेवढं मी केलं. बाकी काही नाही. वर झोपलेल्या पेशंटांना त्रास होतो म्हणून डॉक्टरांनीच ती उतरवली. तू मान खाली घालून घंटा पिशवीत टाकलीस आणि म्हणालीस, झालं तुमच्या मनासारखं. तुमच्या! पहिला दिवस सोडला तर मला कधी अहोजाहो करत नव्हतीस तू. तेव्हाच हात धरून सांगायला हवं होतं, की शालू, मी नाही गं. मी मशीनकडे वळले.

आता वॉर्डाच्या दाराचं सांगते. बुधवार होता, भेटीची वेळ होती. मी कॉलेजातून परस्पर आले. येताना काय बोलायचं ते घोकत आले होते. दारावर नवीन चौकीदार. एका पेशंटमागे एक पास, आणि तुझा पास तुझ्या भावाच्या खिशात. भाऊ औषधं आणायला सीताबर्डीला गेलेला. चौकीदारानं विचारलं, "कोनाच्या तुम्ही?"

मी सांगितलं, खाली रक्तपेढीत असतात त्या शालिनीताईंना भेटायचंय. मी इथल्या कॉम्प्युटरचं काम बघते. तो म्हणाला, कॉम्प्युटर खाली हाय, इथं पेशंट हाय. त्याच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता. घरच्या आहात का, म्हणाला. नाही म्हटलं. मग कोण लागता? मी म्हटलं, मैत्रीण. तो म्हणाला, "मैत्रीण नात्यात येत नाई, बाई. एकाले सोडलं त दहा येतेत."

शालू, हे तर माझंच बोलणं होतं गं. शब्दाला शब्द. मी त्याच्याशी भांडू कशी? तुझ्या त्या शब्दातली भांडकुदळ मीच ना, आणि मी नुसती दाराबाहेर सरकले. दारातून तुझी खाट दिसत होती. तू भिंतीकडे तोंड करून पडलेली, तुझी वेणी उशीवरून खाली लोंबत होती. एक हाक मारली असती तर तुला ऐकू गेली असती. पण वॉर्डात ओरडायचं नसतं, हे माझ्या हाडीमाशी भिनलेलं. तू ढोल-ताशांवरून ओरडली होतीस एका अनोळखी बाळंतिणीसाठी. मला तुझ्यासाठी एक शब्द ओरडता आला नाही. तोच शब्द ओरडले असते तर तू हसली असतीस, मला खात्री आहे. फार तर चौकीदारानं हात धरून खाली नेलं असतं. त्यानं माझं काय जाणार होतं?

एक आयाबाई बादली घेऊन आत चालली होती. तिला म्हटलं, त्या खाटेवरच्या बाईंना सांगा, नलू आली होती. तिनं मान डोलावली. भावाची वाट बघत मी जिन्यात बसले, भेटीची वेळ संपली तसं सगळ्यांबरोबर मलाही उठवलं. उद्या सकाळी पास घेऊन येऊ, असं ठरवून गेले. सकाळी गजाननभाऊ फाटकातच उभे होते. त्यांचा चेहरा बघितला आणि मी पास मागायला वर गेलेच नाही. नंतर मी त्या आयाबाईला शोधून काढलं. ती म्हणाली, सांगतलं असन बाई, आठवत नाई. खोटं बोलून मला बरं वाटावं असं तिला वाटलं नाही, याबद्दल मी तिला दोष देत नाही. पण खोटं बोलली असती तरी चाललं असतं.

काल शनिवार. मी गेले. तुझ्या खुर्चीवर वंदना नावाची नवीन मुलगी आहे, हिंगण्याकडची, हुशार आहे, घाबरट आहे. डॉक्टर म्हणाले, तिचं नाव मशीनमध्ये घाला आणि शालिनीबाईंचं काढून टाका. बरोबरच आहे त्यांचं. सोडून गेलेल्या माणसाचं नाव मशीनमध्ये ठेवायचं नाही, हा नियम मीच लावलेला. जुने स्टोअरकीपर निवृत्त झाले तेव्हा त्यांचं नाव काढताना तू म्हणाली होतीस, राहू दे नं, काय खाते का ते? मी ऐकलं नव्हतं. काल तुझं काढलं. मग पुन्हा एकदा तुझं नाव घालून बघितलं, सवयीनं, काढलंय की नाही तपासायला. पडदा म्हणाला, असं कुणी नाही. वंदनानं विचारलं, मॅडम, चहा आणू का? मी म्हटलं, आण, साखर जास्त घाल.

चहा पिऊन मी प्रोग्रॅम उघडला. विचारणेच्या आधी, माठाच्या शेजारी, तुझी हाक घातली. फार काम नव्हतं गं. तेच तर लागतंय जिवाला, की फार काम नव्हतं. बाहेरच्यानं एक बटण दाबायचं आणि आतल्या पडद्यावर टुण्ण वाजायचं. नाव नाही, पास नाही, शब्द नाही. पोरांनी दिवसभर बडवू नये म्हणून एकदा वाजली की थोडा वेळ पुन्हा वाजत नाही, एवढं माझं डोकं मी त्यात चालवलंच. त्यावरूनही तू भांडली असतीस. मी आज वाट बघून राहिले त्या भांडणाची.

मग वंदनाला काही न सांगता मी व्हरांड्यात गेले. बाकावर पेशंटची माणसं बसली होती, त्यांच्यात जाऊन उभी राहिले. ती मागच्या खोलीत बाटल्या लावत होती, खिडकी बंद होती. मी बटण दाबलं. आत वाजलं, बाहेरपर्यंत ऐकू आलं. पावलं आली, कडी निघाली, खिडकी उघडली. उन्हाकडे तोंड असल्यामुळे तिला माझा चेहरा दिसला नसावा. डोळ्यांवर हात धरून तिनं विचारलं, "कोनाच्या जी तुम्ही?"

मी म्हटलं, "शालूची."